थोडे दिसते, म्हणूनच दुर्लक्षित

आमच्या धर्मग्रामातील एका ज्येष्ठ वाचकांनी काही वर्षांपूर्वी मिस्सेतील वाचन एकाएकी सोडले. कारण विचारता ‘आता तरुणांना संधी द्या, फादर’ एवढेच म्हणाले. ते कशावरून तरी रुसले असावेत, असा आम्ही समज करून घेतला. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग निकामी होत गेल्यामुळे त्यांना अक्षरेच दिसेनाशी झाली होती, हे आम्हांला दीड वर्षाने कळले. मंदिरात ते एकटे चालत येत, त्यामुळे कोणाला शंकाही आली नव्हती.

अंधत्व म्हणजे संपूर्ण काळोख, अशी आपली कल्पना असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र अंधत्व आणि क्षीणदृष्टी हे दोन वेगळे प्रकार सांगितले आहेत. निकोप डोळ्याला अठरा मीटरवरून दिसणारे अक्षर वाचण्यासाठी ज्याला चष्मा लावूनही सहा मीटरपर्यंत जवळ यावे लागते, तो क्षीणदृष्टी. पडद्याचा मध्य गेला, तर चालता येते पण वाचता येत नाही. कडा गेल्या, तर वर्तमानपत्र वाचणारा माणूस वाटेतल्या स्टुलाला अडखळतो आणि शेजारी म्हणतात, ‘सोंग करतो!’

मुंबईत या क्षेत्रातील सेवाकार्य जुने आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली अंध मुलांसाठी शाळा काढली. १९५२ साली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबईतच स्थापन झाली. ब्रेलच्या सहा टिंबांनी अनेकांना विद्येचे दार उघडून दिले. परंतु साठीत दृष्टी गमावणाऱ्याच्या बोटांना ती लिपी सहज वळत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

म्हणूनच येशूसंघीयांच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली सुरू झालेले दृष्टिबाधितांसाठीचे साधन केंद्र आम्हांला महत्त्वाचे वाटते. छापील पुस्तक स्कॅन करून संगणकाकडून वाचून घेणे, पडद्यावरील अक्षरे मोठी करणे, ही तिथली रोजची कामे. मदतीबरोबर हक्काचाही आग्रह तेथे धरला गेला. बँकांनी दृष्टिहीनांना चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारू नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २००८ साली काढला. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दृष्टिबाधितांसाठी पुस्तकांचे रूपांतर करण्यास मोकळीक मिळाली. याच विषयावरील माराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता.

आपल्या धर्मग्रामांतून नेत्रदानाचे अर्ज उत्साहाने भरले जातात. ते अवश्य भरावेत, आणि मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढता यावेत म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे, हे घरच्यांना सांगून ठेवावे. मात्र नेत्रदानाचा उपयोग पारपटल खराब झालेल्यांनाच होतो. पडदा किंवा नस गेलेल्यांना नाही. त्यांना हवी असते ती बँकेत सोबत, परीक्षेला लेखनिक, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा. आंधळ्या बार्तीमयालासुद्धा प्रभूने आधी त्याला काय हवे ते विचारले होते. आम्ही मात्र न विचारताच नाताळला तांदळाची पिशवी पोहोचवत आलो.

त्या ज्येष्ठ वाचकांना आम्ही अखेर विचारले. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या: ठळक, मोठ्या अक्षरांतील वाचन आदल्या दिवशी घरी मिळावे आणि वाचनपीठावर एक दिवा असावा. गेल्या आगमनकाळात ते पुन्हा उभे राहिले. एक ओळ चुकली. ती त्यांनी शांतपणे पुन्हा वाचली.