भर हंगामात गडी फोडू नये

तुळशीची लग्नं उरकली की पेडणे तालुक्यात जत्रांचे दिवस येतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतार रंगतो. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरवून नट उभे राहतात आणि संवाद तिथल्या तिथे रचतात. राजाने टाकलेला शब्द राक्षसाने झेलायचा, स्त्रीपार्टीने नेमक्या क्षणी पद उचलायचं, पेटीवाल्याने सूर आधीच हेरायचा; ही जुळणी रात्रींच्या रात्री सोबत काढल्यावरच होते. म्हणून भर हंगामात एका कंपनीचा राजा दुसरीने पळवला, तर मागे राहिलेल्यांची कामंही लंगडी पडतात. हंगाम संपल्यावर तोच नट गेला तर नवी मोट बांधायला पावसाळा हाताशी असतो.

डिचोलीतली मुलं मोबाइलवर जे क्लब चालवतात, त्यांनाही भर हंगामात गडी न फोडण्याचा हाच निकष लावावा असं माझं म्हणणं आहे. 2012 साली आलेल्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ या खेळाचंच बघा. एका क्लॅनमध्ये, म्हणजे तिथल्या क्लबमध्ये, जास्तीत जास्त 50 जण. दर महिन्याच्या लीगमध्ये एका गटात 8 क्लॅन, सात लढाया, आणि प्रत्येक लढाईत प्रत्येकाला एकच हल्ला. 15 जणांच्या संघातला पटाईत गडी तिसऱ्या लढाईनंतर निघून गेला आणि राखीव कोणी नसला, की पुढच्या प्रत्येक लढाईत एक हल्ला बुडाला. फोडणाऱ्यालाही त्याचा उपयोग नाही, कारण एका महिन्यात एकाच क्लॅनकडून लीग खेळता येते. तरीही पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या क्लॅनमध्ये शिरायचं, चार दिवस सढळ हाताने सैन्य दान करायचं आणि मग एकेकाला हळूच आपल्याकडे ओढायचं, हा उद्योग चालतो. त्याला चतुराई म्हणणं मला तरी जमत नाही.

यावर कोणी म्हणेल, खेळाडू काही क्लॅनचा बांधील नोकर नव्हे. पगार नाही, करार नाही, मग लीडरला विचारायचं कशाला? बरोबर आहे. परवानगी मागूच नये, फक्त कळवावं. जिथे रीतसर करार असतो त्या फुटबॉलमध्येही फिफाचा नियम असा, की व्यावसायिक खेळाडूशी बोलणी सुरू करण्याआधी त्याच्या क्लबला लेखी कळवायचं. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की तो नव्या क्लबशी करार करायला मोकळा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कितीही शिष्टाचार पाळला तरी लहान संघाने गडी घडवायचे आणि मोठ्याने न्यायचे, हे थांबत नाही. फुटबॉलने त्यावर निदान उतारा शोधला. साखळी शहरात 1999 मध्ये सुरू झालेल्या सेसा अकादमीसारख्या संस्था पोरं घडवतात, आणि अशा घडवणाऱ्यांना प्रशिक्षणाची भरपाई देण्याची तरतूद फिफाच्या नियमांत आहे. मोबाइलच्या खेळात अशी भरपाई नाही. तिथे लहान क्लॅनच्या पदरात पडू शकतो तो फक्त वेळ, म्हणून निदान लीग संपेपर्यंत थांबावं. एखाद्या सामन्यापुरताच गडी हवा असेल तर दशावताराकडे वाट आहे: ‘संयुक्त दशावतारा’त निरनिराळ्या कंपन्यांचे नट एका प्रयोगासाठी एकत्र येतात आणि दुसऱ्या रात्री आपापल्या कंपनीतून तोंडाला रंग लावतात.