लहान ट्रॅक्टरच्या इंजिनातील तेलबदल : घरच्या घरी करावयाची पद्धत

आदिलाबाद शहराला लागून, नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर मावला हे गाव वसलेले आहे. २०१६ सालच्या जिल्हा पुनर्रचनेनंतर ते मंडलाचे ठिकाण झाले. भोवतालची जमीन काळी, कसदार. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील मुख्य पिके होत. उत्तरेस पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, आणि पिके, अवजारे व बोली यांत नदीच्या दोन्ही काठांवर फारसे अंतर आढळत नाही. कापसाच्या दोन ओळींमधील डवरणी ही या पट्ट्यात पूर्वी केवळ बैलजोडीचीच कामगिरी होती. आता अरुंद बांध्याचे, साधारणतः पंधरा ते वीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टरही ते काम करू लागले आहेत. बंगळूर येथे १९६७ साली स्थापन झालेल्या व्ही. एस. टी. कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने अशी लहान यंत्रे देशात रुजविली. पुढे इतर कारखानदारांनीही या आकाराचे ट्रॅक्टर बाजारात आणले.

बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय गाडी रस्त्याला लावावयाची नाही, हा दंडक जुन्या शेतकऱ्यास सांगावा लागत नसे. कोरडा आस कुरकुरून स्वतःच तक्रार करी. इंजिनाचे तसे नाही. तेल निकामी झाले तरी ते बराच काळ बिनतक्रार चालते, आणि ज्या दिवशी तक्रार करते त्या दिवशी बहुधा क्रँकचे बेअरिंग गेलेले असते. ही वेळ मृगाच्या पेरणीत आली तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हातचा वाफसा जाण्याचे नुकसान मोठे ठरते.

इंजिनातील तेल केवळ घर्षण कमी करीत नाही. पिस्टन व बेअरिंग यांतील उष्णता ते वाहून नेते, पिस्टन व सिलिंडर यांमधील फट भरून दाब टिकविते, आणि डिझेल जळताना निर्माण होणारी काजळी व आम्ल स्वतःत सामावून घेते. या शेवटच्या कामासाठी तेलात स्वच्छताकारक द्रव्ये मिसळलेली असतात. म्हणूनच नवे तेल घातल्यावर थोड्याच तासांत ते काळे पडते. हे पाहून कित्येक शेतकरी तेल खराब निघाले अशी समजूत करून घेतात. उलट काहीजण बोटावर घेऊन चोळतात व ‘अजून चिकट आहे’ म्हणून आणखी एक हंगाम ढकलतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. काळे पडणारे तेल आपले काम करीत असते. त्यातील द्रव्ये संपली की नाही हे मात्र रंगावरून वा स्पर्शावरून कळत नाही.

ते ठरवावयाचे असते तासांवरून. ट्रॅक्टरच्या फलकावर तासमापक असतो. अनेक यंत्रांत तो घड्याळाप्रमाणे नव्हे, तर इंजिनाच्या फेऱ्यांच्या हिशेबाने पुढे सरकतो, हेही ध्यानात असावे. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल सामान्यतः ५० तासांनी बदलावे लागते, कारण नवे भाग एकमेकांत बसताना धातूचे सूक्ष्म कण तेलात उतरतात. त्यानंतरची मुदत यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असते; आजच्या बऱ्याच ट्रॅक्टरांस ती २५० तासांची आहे, जुन्या यंत्रांस त्याहून कमी. दिवसाला सहा तास डवरणी चालली तर २५० तास सुमारे बेचाळीस दिवसांत भरतात. वर्षभरात तेवढे तास भरलेच नाहीत, तरी पावसाळ्यापूर्वी एकदा तेल बदलणे इष्ट होय. उभ्या इंजिनातही ओलावा व आम्ल आपले काम करीत राहतात. हमीच्या मुदतीत मात्र हे काम विक्रेत्याकडूनच करवून नोंद घ्यावी, अन्यथा हमीबाबत वाद उद्भवतो.

तेल निवडताना डब्यावरील अंक पाहावेत. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० यांतील पहिला अंक थंडीतील प्रवाहीपणा दर्शवितो व दुसरा तापलेल्या इंजिनातील दाटपणा. आदिलाबादेत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो. म्हणून दोन्ही टोके सांभाळणारे असे बहुश्रेणी तेलच येथे योग्य ठरते. पुस्तिकेत दिलेली श्रेणी सोडून दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नये, आणि सील तुटलेला डबा किंवा सुटे तेल घेऊ नये.

प्रत्यक्ष कामास एक तास पुरेसा होतो. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हातब्रेक लावावा व चाकांना दगडाचे अडसर द्यावेत. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून बंद करावे. कोमट तेल पातळ होते व तळाचा गाळ घेऊन बाहेर पडते. अगदी तापलेले तेल मात्र हात भाजते. तेल भरण्याचे झाकण सैल करून खाली रुंद घमेले ठेवावे आणि योग्य मापाच्या रिंग पान्याने चेंबरचा ड्रेन बोल्ट उघडावा. येथे एक चूक वारंवार घडते. लहान ट्रॅक्टरमध्ये इंजिन व गिअरपेटी एकमेकांस जोडलेली असून दोन्हींचे बोल्ट थोड्याच अंतरावर असतात. चुकीचा बोल्ट उघडून गिअरपेटी रिकामी होते आणि इंजिनात जुन्यावर नवे तेल ओतले जाते. म्हणून बोल्ट उघडण्यापूर्वी पुस्तिकेतील आकृतीशी त्याची जागा ताडून पाहावी.

तेल निथळत असताना ते पाहण्यासारखे असते. त्यात दुधाळ पांढरेपणा दिसला तर पाणी मिसळले आहे असे समजावे. हेड गॅस्केट गेलेली असण्याचा संभव असतो. पट्टीवर तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली व डिझेलचा वास आला, तर इंधन पंपातून गळती आहे. चमकणारे धातूचे कण बोल्टाला चिकटले असतील तर मेकॅनिकला दाखविल्यावाचून ट्रॅक्टर शेतात नेऊ नये. या तीनही बाबतींत नुसते तेल बदलून भागत नाही.

फिल्टर तेलाबरोबरच बदलावा. तो तुंबला की त्यातील झडप उघडते आणि गाळलेले नव्हे तर गढूळ तेल थेट बेअरिंगकडे जाते. म्हणजे नव्या तेलाचा खर्च वाया जातो. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने थोडे तेल लावावे, जुने कडे इंजिनाला चिकटून राहिले नाही ना हे पाहावे व फिल्टर हातानेच आवळावा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी फुटूनच निघतो. ड्रेन बोल्टाला नवे वॉशर घालून तो बसवावा, परंतु अंगातील सर्व जोर लावू नये. मग स्वच्छ नरसाळ्यातून तेल भरावे. पुस्तिकेतील मापापेक्षा थोडे कमी भरून पट्टी पाहावी व वरच्या खुणेपर्यंत हळूहळू आणावे. खुणेच्या वर भरलेले तेल फेसाळते. इंजिन मंद गतीने सुरू करावे; तेलदाबाचा दिवा काही क्षणांत विझला पाहिजे, न विझल्यास त्वरित बंद करावे. दोन-तीन मिनिटांनी इंजिन थांबवून गळती तपासावी आणि दहा मिनिटांनी पुन्हा पट्टी पाहावी.

मळणीच्या व कोरड्या डवरणीच्या दिवसांत तेल लवकर बिघडते ते मुख्यतः धुळीमुळे. हवेचा फिल्टर तेलाच्या भांड्याचा असेल तर भांड्यातील गाळ रोज तपासावा. इंजिनाचे तेल महाग घेऊन हवेच्या फिल्टरकडे दुर्लक्ष करणे म्हणजे दार उघडे ठेवून खिडकीला कडी घालणे होय.

उरला प्रश्न काढलेल्या तेलाचा. हे तेल कुंपणाच्या खांबांना लावणे, जनावरांच्या जखमेवर वा गोचिडांवर चोपडणे, किंवा बांधाच्या कडेला ओतणे असे प्रकार खेड्यांतून दिसतात. जळालेल्या तेलातील द्रव्यांचा त्वचेशी वारंवार संपर्क कर्करोगास कारण ठरू शकतो. जनावर ते चाटते ते वेगळेच. ओतलेले तेल पावसाबरोबर ओढ्यात व तलावात उतरते. मावला येथील तलाव आदिलाबाद शहराच्या पाणीपुरवठ्याशी निगडित राहिलेला असल्याने हा विषय एका शेतापुरता राहत नाही. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडते आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्शुद्धीकरणास पाठविण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. शेतकऱ्याने ते झाकणाच्या डब्यात, पाणी वा डिझेल न मिसळता साठवावे व तेलविक्रेत्याकडे अथवा अधिकृत संकलकाकडे द्यावे. ग्रामपंचायतीने एक पिंप सावलीत ठेवून ही सोय केल्यास गावातील सर्वच ट्रॅक्टरांचे तेल एका ठिकाणी येऊ शकेल.

शाळेतील शिक्षकांना यात एक सोपा पाठ सापडण्यासारखा आहे. घरी ट्रॅक्टर असलेल्या विद्यार्थ्याने दर आठवड्यास तासमापकावरील आकडा वहीत उतरवावा आणि पुढील तेलबदल कोणत्या आठवड्यात येईल ते वजाबाकी-भागाकाराने काढावे. वडिलांनी नव्या फिल्टरवर ऑइल पेंटने बदलाची तारीख व तास लिहून ठेवले, तर वहीतील हिशेब त्याच्याशी पडताळून पाहता येतो.