तारापूर–बोईसर परिसरातील गावे व इनामे

तारापूर–बोईसर परिसर हा महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्याचा किनारपट्टीचा भाग आहे. तो मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०० किलोमीटर अंतरावर असून पश्चिम रेल्वेवरील बोईसर हे त्याचे प्रमुख स्थानक आहे. तारापूर, कुंभवली, सालवड, पास्थळ, कोलवडे, पाम, टेंभी, नवापूर इत्यादी गावे यात मोडतात. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. या गावांच्या जमिनीवरील हक्क वेळोवेळी बदलत गेले. परिसराचा इतिहास मुख्यतः त्या बदलांचा आहे.

== भूगोल व लोकजीवन ==
तारापूर खाडीच्या दक्षिण तीरावर तारापूर, तर उत्तर तीरावर डहाणू तालुक्यातील चिंचणी वसलेले आहे. किनाऱ्यालगत खाजण जमीन, नारळ-ताडाच्या वाड्या आणि सुरूची बने आढळतात. आतील बाजूस भातशेती होते. मांगेला, भंडारी, वाडवळ, वारली हे येथील प्रमुख समाज होत. मांगेला समाजाचा पारंपरिक व्यवसाय मासेमारी हा आहे. चिंचणी, वरोर व वाढवण भागांत दागिन्यांसाठी लागणाऱ्या डाय बनविण्याचा गृहउद्योग चालतो.

== प्राचीन दानपत्रे ==
चिंचणी येथे १९५५ साली ताम्रपट सापडले. त्यांपैकी एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील, शके ८४८ (इ. स. ९२६) चा आहे. त्या वेळी संयान म्हणजे आजच्या संजाण मंडळाचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती (मुहम्मद) हा अरब अधिकारी पाहत होता. या ताम्रपटात एका मठिकेला दिलेल्या गावाचा व जमिनीचा उल्लेख आहे. गावाचे उत्पन्न धर्मकार्यासाठी लावून देण्याची प्रथा येथे हजार वर्षांहून जुनी असल्याचे त्यावरून दिसते.

== पोर्तुगीज व मराठा काळ ==
सोळाव्या शतकात हा किनारा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे वसई हे होते. गावे सरदारांना ठरावीक सारा व लष्करी सेवेच्या अटीवर, बहुधा काही पिढ्यांपुरती, दिली जात. तारापूरचा किल्ला याच राजवटीचा अवशेष आहे.

चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी सुरुंग लावून तारापूरचा तट फोडला व किल्ला जिंकला. या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली आणि पोर्तुगीज जमीनदारी संपुष्टात आली. पेशवाईच्या उत्तरकाळात किल्ला पारशी मक्तेदार विकाजी मेहेरजी यांच्या घराण्याकडे इनाम म्हणून गेला. किल्ला लष्करी ठाणे न राहता खाजगी मालमत्ता कसा झाला, याचे हे उदाहरण आहे.

== भूसंपादनाचा काळ ==
स्वातंत्र्यानंतर जमिनीचा मुख्य घेणारा शासन झाले. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. देशातील अणुवीजनिर्मितीचा हा प्रारंभ होता. प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये कार्यान्वित झाल्या. या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांचे स्थलांतर करावे लागले.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत बोईसरलगत उभी राहिली. तिचे नाव तारापूर असले तरी तिचा विस्तार कुंभवली, सालवड, पास्थळ, कोलवडे आदी गावांच्या हद्दींत किंवा त्यांना लागून आहे. रसायने, औषधे, कापड व पोलाद हे तिच्यातील मुख्य उद्योग होत. रोजगारासाठी अनेक राज्यांतून कामगार आल्याने या गावांचे शेतीप्रधान स्वरूप पालटले.

== प्रदूषण व सद्यस्थिती ==
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. गुण जितके अधिक, तितके प्रदूषण गंभीर. वसाहतीतील सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. नाले, खाड्या व मासेमारीवरील परिणामांबाबत अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने नेमलेल्या समितीने पर्यावरणीय भरपाईची रक्कम सुमारे १६० कोटी रुपये काढली.

उत्तरेकडील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मासेमारीची क्षेत्रे व उपजीविका यांवरील संभाव्य परिणामांमुळे किनाऱ्यावरील मच्छीमारांनी या प्रकल्पास विरोध केला आहे. पूर्वीच्या दानात वा इनामात गावाचे उत्पन्न दुसऱ्याकडे गेले तरी कसणारे बहुधा गावातच राहत. भूसंपादनात मात्र जमिनीबरोबर गावही हलवावे लागले. पुनर्वसनाचा प्रश्न त्यामुळेच या परिसरात महत्त्वाचा ठरला आहे.