घरकुलातला ओटा आणि कपाट : आधी मोजमाप, मग मिस्त्री



ज्यांच्या घरकुलाचे काम सुरू आहे, किंवा जुन्या घरातच स्वयंपाकघर नवे करायचे मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी येते, तेव्हा हल्ली ‘किचनच्या ट्रॉल्या’, ‘मॉड्युलर कपाट’ हेही कारण ऐकू येते. हौस चांगलीच आहे. दिवसाचे कितीतरी तास जिथे जातात, ती जागा नीट असावी असे कोणाला वाटणार नाही? पण कर्ज उचलायच्या आणि सुताराला बोलवायच्या आधी एक काम आहे. ते तुमच्याशिवाय दुसरे कोणी नीट करू शकत नाही. ते म्हणजे आपल्या स्वयंपाकघराचे मोजमाप.

जागा लहान आहे, म्हणून विचार जास्त

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये घर कमीत कमी २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असावे असा नियम आहे. त्यातच स्वच्छ स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. शिवाय हे घर सहसा नवरा-बायको दोघांच्या नावाने मंजूर होते. घर तुमच्याही नावावर आहे, तर ओटा कुठे आणि किती उंच, हे ठरवताना तुम्ही तिथे उभ्या असायलाच पाहिजे.

लहान जागा म्हणजे वाईट स्वयंपाकघर, असे मात्र नाही. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात नवी घरे बांधली जात होती. तिथे मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईंनी साधारण ७० चौरस फुटांचे स्वयंपाकघर आखले. बाईची पावले कशी वाचतील, हात कुठवर पोचतो, याचा विचार करून त्यांनी ओटा, फळ्या आणि धान्याचे खण बसवले. आजच्या मॉड्युलर किचनची सुरुवात तिथून झाली असे मानतात. गंमत म्हणजे, आपण स्वतः स्वयंपाक करत नव्हतो, असे त्या बाईंनीच पुढे सांगितले. तुमच्यापाशी तर वीस-वीस वर्षांचा अनुभव आहे!

आधी सामान मोजा

दुकानातल्या पुस्तकात जे किचन दिसते, ते शहरातल्या चार माणसांचे असते. त्यात वर्षभराच्या तांदळाची कोठी नसते, लाखोळीच्या डाळीचा डबा नसतो, लग्नाकार्याचे गंज नसतात. म्हणून आपले सामान काढून त्याचे तीन भाग करा.

१. रोज लागणारे : तवा, कुकर, परात, मिठा-मिरचीचे डबे, ताटे-वाट्या.
२. आठ-पंधरा दिवसांनी लागणारे : मोठी कढई, पोह्याचा डबा, पापड-कुरड्या.
३. वर्षातून काही वेळा लागणारे : मोठे गंज, घमेली, पाहुण्यांची भांडी.

रोजचे सामान गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत असावे. जड सामान खाली. तिसऱ्या भागासाठी सज्जा आहे. स्टुलावर चढून जड डबा काढावा लागेल, अशी जागा रोजच्या वस्तूला देऊच नका. तांदळाची कोठी कपाटात कोंबू नका. तिला जमिनीवर लाकडी पाट द्या आणि भिंतीपासून थोडी दूर ठेवा, म्हणजे ओल लागणार नाही आणि मागून झाडताही येईल.

आता सर्वांत मोठे भांडे आणि सर्वांत उंच डबा मोजून वहीत लिहा. कप्प्याची उंची त्यावरून ठरते.

ओट्याची उंची तुमच्या कोपरावरून

मिस्त्री प्रत्येक घरात एकच माप धरतो. पण बाई काही एकाच मापाची नसते. अनवाणी सरळ उभ्या राहा आणि हात कोपरात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजा, त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येते, म्हणजे तिचा ओटा ३२-३३ इंचांचा. ज्या जागी शेगडी ठेवणार, तिथे शेगडीची उंची वाढते. म्हणून तेवढा भाग दोन-तीन इंच खाली घेतला तर खांदे भरून येत नाहीत. ओटा फार ठेंगणा झाला तर कंबर धरते, आणि तो पुढची वीस वर्षे तसाच राहतो.

खात्री करायची असेल तर विटा रचून त्यावर फळी ठेवा आणि परातीत कणीक मळून बघा. एक गोष्ट विसरू नका : फरशी बसल्यावर जमीन वर येते. माप फरशीच्या वरून धरायला सांगा.

ओट्याची रुंदी दोन फूट पुरते. ओट्यावरची फळी १२ इंचांपेक्षा रुंद नको, नाहीतर डोके आपटते. ओटा आणि फळी यांच्यात दीड फूट तरी मोकळे ठेवा. शेगडीच्या डोक्यावर फळी घेऊच नका.

कपाट कशाचे करायचे?

आपला जिल्हा धानाचा. पाऊस भरपूर, भिंतींना ओल आणि जमिनीत वाळवी, आपण उधई म्हणतो ती. म्हणून सामान निवडताना दिसण्याआधी पाण्याचा विचार करा.

कडप्पा किंवा शहाबादी फरशी : ओट्याखालचे कप्पे याचेच करावेत. याला पाणी लागून फुगत नाही आणि उधई खात नाही. मात्र एकच मोठा कप्पा सोडू नका. मागचा डबा काढायला पुढचे सगळे बाहेर काढावे लागते. मध्ये अर्ध्या रुंदीची एक फळी टाकली की पुढे उंच डबे आणि मागे लहान डबे असे दोन्ही मावते.

पार्टिकल बोर्ड : स्वस्त आणि चकचकीत असतो. पाणी शिरले की फुगतो आणि बिजागरीचे स्क्रू ढिले होतात. भांडी घासायच्या जागेजवळ नकोच.

प्लायवूड : चांगले घ्यायचे तर आयएसआय चिन्ह बघून घ्या. मरीन प्लायवर आयएस ७१० असा क्रमांक असतो. कापलेल्या कडा बंद करून घ्या, पाणी तिथूनच शिरते. प्लाय थेट जमिनीला टेकवू नका आणि नव्या प्लास्टरची ओल वाळल्याशिवाय बसवू नका.

पीव्हीसी : उधई लागत नाही, पण उष्णतेने वाकते. शेगडीपासून आणि चुलीपासून दूर ठेवा.

गॅस आणि चूल

सिलेंडर नेहमी उभा, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो. म्हणून सिलेंडरला घट्ट दाराच्या कपाटात कोंडू नका. दार लावायचेच असेल तर खालच्या बाजूला जाळी हवी. ज्यांच्याकडे चूलही पेटते, त्यांनी ती मागच्या पडवीत ठेवावी. नाहीतर महागाचे कपाट वर्षभरात काळे पडेल, आणि धूर छातीत जाईल तो वेगळाच.

कर्जाचा हिशेब

समजा, सगळी कपाटे एकदम करायला गटातून २०,००० रुपये घेतले. व्याज महिना शेकडा २ आणि मुद्दल महिना १,००० प्रमाणे फेडले, तर २० महिन्यांत ४,२०० रुपये व्याज जाते. तेच आधी फक्त कडप्प्याचे कप्पे आणि दोन फळ्या यांसाठी ८,००० घेतले, तर ८ महिन्यांत ७२० रुपये व्याज बसते. दारे पुढच्या वर्षी धान विकल्यावर बसवता येतात; मिस्त्रीला त्यांची चौकट आताच लावून ठेवायला सांगा. पण ओट्याची उंची, फळीचे आधार आणि पाण्याचा उतार या गोष्टी नंतर बदलायच्या म्हणजे फोडतोड आली. म्हणून पैसा आधी तिथे घाला.

घरकुलाचा हप्ता बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे येतो. भिंती उठल्या की प्लास्टरच्या आधी मिस्त्रीसोबत बसा. खिडकी ओट्यावर आहे का, मोरीचे पाणी कुठे जाते, फळीचे आधार कुठे गाडायचे, हे खडूने भिंतीवर आखून घ्या. दर ठरला की तो कागदावर लिहून घ्या : कडप्पा किती फूट, मजुरी किती, दारे धरून की वगळून.

पुढच्या मासिक बैठकीला येताना मोजपट्टी घेऊन या. ज्यांचा ओटा झाला आहे, त्यांच्या घरी आपण सगळ्या जाऊ. काय सोयीचे झाले, काय चुकले, हे त्या ताईंनाच विचारू.