पोस्टमन आला की मोती का भुंकतो?

पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की फाटकापाशी काय होते, ते तुम्ही पाहिलेच असेल. वर्षभराचा मोती साखळीला हिसडे देत झेपावतो आणि घसा बसेपर्यंत भुंकतो. पोस्टमन पत्र टाकून पुढे जातो. मोती ऐटीत परत येऊन बसतो.

आता मोतीच्या बाजूने विचार करा. एक अनोळखी माणूस रोज दाराशी येतो, आपण ओरडतो आणि तो निघून जातो! त्याला पुढच्या घरी जायचेच होते, हे मोतीला कोण सांगणार? ज्या कृतीला फळ मिळते, ती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून हेच दाखवले होते.

पण मुळात मोतीला ओरडावेसे का वाटते? पुष्कळदा त्याचे कारण भीती असते. पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचे असताना ज्या माणसांची आणि वस्तूंची त्याला ओळख होते, त्यांची त्याला पुढे सहसा भीती वाटत नाही. त्या काळात ते घराबाहेर पडलेच नसेल, तर सायकलसुद्धा त्याला राक्षस वाटते. साखळीमुळे पळताही येत नाही. मग धावून जाणे एवढेच उरते. अशा वेळी आपण काठी उगारली, तर पोस्टमन आला की मारही बसतो, एवढेच तो शिकतो. भीती दुप्पट होते.

मग उपाय काय? १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा त्यांनी लांब ठेवला, इतका लांब की त्याचे खाणे थांबू नये. मग दिवसेंदिवस पिंजरा थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला.

मोतीसाठीही हेच करायचे. साखळी मात्र घरातल्या मोठ्या माणसाच्या हाती हवी. सायकल दिसेल, पण मोती भुंकणार नाही, इतक्या अंतरावर उभे राहा. सायकल दिसली की लगेच उकडलेल्या मांसाचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्या. ती दिसेनाशी झाली की खाऊ बंद. क्रम चुकवू नका: आधी सायकल, मग खाऊ. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना ठोके ऐकताच लाळ सुटे, ती ठोक्यांमागून अन्न येत असे म्हणूनच. तुकडा समोर असूनही मोतीने तोंड फिरवले, तर तुम्ही फार जवळ आला आहात; मुकाट्याने मागे सरका. आमच्या शेजारी घाईमुळेच सगळे बिघडले होते. दोन दिवस बरे गेले म्हणून त्यांनी तिसऱ्या दिवशी कुत्र्याला थेट फाटकापाशी नेले आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

कुत्रा चावला, तर तो घरचा असला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही; लस वेळेवर घेतली तर रोग टळतो.

काही आठवड्यांनी घंटा वाजेल तेव्हा फाटकाकडे पाहू नका, मोतीकडे पाहा. त्याने सायकलकडे एकदा बघून लगेच मान तुमच्याकडे वळवली, की समजा, घंटेचा अर्थ त्याच्यासाठी बदलला आहे.