नाग नदी जिथे जाते, त्या गावाला चला

रविवारचा प्लॅन ठरवायला ग्रुपवर दोनशे मेसेज पडतात आणि शेवटी गाडी जाते कुठे? फुटाळ्याला. फारच उत्साह असला तर रामटेक, खिंडसी. सेमिस्टर संपली की चिखलदरा. आणि मग 'आपल्या नागपूरजवळ पाहण्यासारखं काही नाहीच ना यार' हे वाक्य कुणीतरी हमखास टाकतं. असं म्हणणाऱ्याला पुढच्या रविवारी सकाळी उठवा आणि उमरेड रोडला लावा. त्या रस्त्याने ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी एक गाव आहे. दोन हजार वर्षांहून जुनं. सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही रुंद घेराचा स्तूप इथल्या टेकडीच्या पोटात सापडला. गावाचं नाव पवनी, जिल्हा भंडारा.

एक सूचना आधीच. मॅपवर नुसतं 'पवनी' टाकाल तर देवलापारकडच्या, पेंचच्या वाटेवरच्या पवनीलाही पोचाल. ती वेगळी. आपल्याला उमरेड, भिवापूर करत जायचं आहे. गणेशपेठच्या बसस्थानकावरून एसटी आहे, अडीच-तीन तास धरून चाला. पूर्वी या भागात नागपूर-नागभीड नॅरोगेज रेल्वे धावायची. ब्रॉडगेज करण्यासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे त्या छोट्या डब्यांतला प्रवास तुमच्या आईबाबांकडूनच ऐकायचा. वाटेत भिवापूर लागतं. तिथल्या मिरचीला जीआय मानांकन आहे; घरी परतताना पावभर घेतलीत तर पुढच्या ट्रिपची परवानगी लवकर मिळेल.

तटाच्या आतलं गाव

पवनीत शिरताना पहिली दिसते ती तटबंदी आणि तिचा दरवाजा. तुम्ही रायगड-सिंहगड पाहून आला असाल तर हा किल्ला सुरुवातीला साधाच वाटेल. डोंगर नाही, कडा नाही. पण इथे गंमत वेगळी आहे. एका बाजूला वैनगंगा, उरलेल्या बाजूंनी मातीचा प्रचंड बांध आणि त्याच्या बाहेर खंदक. दगडी बांधकाम पुढच्या काळातलं. मूळ तट मातीचा आणि तो फार जुना. म्हणजे शिवकाळाच्या कितीतरी आधी, इसवी सनाच्याही आधी, इथे कुणीतरी शहर वसवलं आणि राखलं. त्या तटाच्या आत आजही लोक राहतात. कपडे वाळताहेत, दुकानं उघडी आहेत, पोरं क्रिकेट खेळताहेत. तटाच्या कडेकडेने चालत गेलात की एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला खंदकाची खोली असं दिसत राहतं. ट्रेकिंगची हौस असणाऱ्यांनी नाक मुरडू नये. ही चाल सोपी आहे, पण प्रत्येक वळणावर थांबायला लावते.

आता टेकड्या. पवनीच्या परिसरात जगन्नाथ टेकडी, चांडकापूरची सुलेमान टेकडी आणि हरदोलाला टेकडी अशा तीन टेकड्या आहेत. गावकऱ्यांसाठी त्या वर्षानुवर्षं नुसत्या टेकड्या होत्या. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून खोदकाम केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून निघाला तो विटांचा स्तूप, तळाचा व्यास ३८ मीटरच्या वर. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा साधारण साडेछत्तीस. सुलेमान टेकडीतला स्तूप तर त्याहूनही मोठा. हरदोलाला टेकडीवर पुरातत्त्व खात्याने १९९४ मध्ये काम केलं.

लगेच कॅमेरे काढू नका. सांचीसारखी तोरणं, गोल घुमट, हिरवळ असलं काही इथे नाही. तुम्हाला दिसेल ती टेकडीच. इन्स्टासाठी येणारे इथे निराश होतात, आणि ते मला मान्य आहे. पण थोडं वाचून आलेल्याला हीच टेकडी बोलकी होते. म्हणून इथली एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो.

स्तूपाभोवती दगडी कठडा असतो, त्याला वेदिका म्हणतात. पवनीच्या वेदिकेच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली सापडली. एका लेखात विसमिता नावाच्या बाईचं दान आहे आणि ते सर्व जीवांच्या सुखासाठी आहे असं तिने नोंदवलंय. राणी नाही, राजकन्या नाही. तेवीस-चोवीस पिढ्या नव्हे, ऐंशीएक पिढ्यांपूर्वीची कुणी एक बाई या नदीकाठी होती, तिच्याकडे थोडे पैसे होते आणि ते तिने दगडात घातले. इतिहासाच्या पेपरात राजांची सनावळी पाठ करून कंटाळलेल्यांनी ही बाई लक्षात ठेवावी.

दुसरी सापडलेली गोष्ट म्हणजे मुचलिंद. बुद्धांना ज्ञान झाल्यानंतर मोठं वादळ आलं, पाऊस कोसळला, तेव्हा नागराज मुचलिंदाने त्यांच्यावर फणा धरला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. पवनीच्या स्तंभावर हा पाच फण्यांचा नाग कोरलाय आणि शेजारी त्याचं नावही. त्याच्या फण्याखाली बुद्ध मात्र नाहीत, नुसतं आसन आहे. त्या काळात बुद्धांची मानवी मूर्ती घडवायची पद्धतच नव्हती. हा स्तंभ पाहायचा तर दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावं लागतं.

या नागाचं आपल्या शहराशी नातं जुळतं. १९५६ मध्ये दीक्षा सोहळ्यासाठी नागपूरच का निवडलं, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुसऱ्या दिवशीच्या, १५ ऑक्टोबरच्या भाषणात सांगितलं होतं. बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक या भागात राहत होते आणि शहरातून वाहणाऱ्या नाग नदीचं नावही त्यांच्याशी जोडलेलं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पवनीच्या मातीतून नागराज वर आला तो त्यानंतर तेरा वर्षांनी. आज पवनीजवळ रुयाळला महासमाधीभूमीचा भव्य स्तूप उभा आहे. जुना स्तूप डोळ्यांसमोर आणायला कठीण जात असेल तर तिथे आवर्जून जा.

घाट, गणपती आणि पाणी

गावात मंदिरं इतकी की पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. पंचमुखी गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांतला एक. वैजेश्वर घाटावर संध्याकाळी बसलात की उठवत नाही. समोर वैनगंगेचं रुंद पात्र, ढिवरांचे डोंगे, वाळूवर पक्षी. ही नदी मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. वाकाटकांच्या ताम्रपटांत हिचं नाव बेण्णा. नदीच्या नावावरून या भागालाच बेण्णाकट म्हणत.

घाटावर बसा, पाय सोडून फोटो काढा, पण पाण्यात उतरू नका. हे आजीचं टुमणं नाही. पवनीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण आहे, ३३ दरवाज्यांचं. दरवाजे उघडले की खाली पाणी झपाट्याने चढतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी सगळे दरवाजे उघडावे लागले होते आणि वैनगंगेकाठच्या गावांनी तेव्हा काय पाहिलं ते तिथे कुणालाही विचारा. शिवाय वाळूच्या पात्रात डोह कुठे आहे ते वरून कळत नाही. पोहता येतं म्हणणारेच बुडतात.

धरणाचीही एक कथा आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी पायाभरणी केली, तेव्हा अंदाजे खर्च होता ३७२ कोटी. पुढे प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला, खर्च हजारो कोटींवर गेला. तुमच्यातल्या कुणाचं गाव या पाण्याखाली गेलं असेल, तर बाकीच्यांनी त्याला बोलू द्यावं. इतर सगळ्या माहितीपेक्षा ते महत्त्वाचं. आता याच जलाशयावर सरकार जलपर्यटन आणतंय.

आणि या पाण्यात काय आहे? इथे आपण नागपूरकर येतो. आपल्या बाथरूमचं, मेसचं, हॉस्टेलचं पाणी नाल्याने नाग नदीत जातं. नाग आणि पिवळी नदी एकत्र होऊन कन्हानला मिळतात, कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या जलाशयात साचते. तिथून खाली पवनी. शहराच्या सांडपाण्याचा काही भाग भांडेवाडीला शुद्ध होतो, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना वापरायलाही जातो. पण बराच तसाच वाहतो. जलाशयाच्या फुगवट्यात भंडाऱ्यापर्यंत इकॉर्नियाची हिरवी चादर पसरते ती उगाच नाही. तिला घाणीतलं खत लागतं. भंडाऱ्याचे लोक नळाच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं ओरडताहेत. नाग नदी स्वच्छ करायची योजना मंजूर आहे, हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. पंचशील चौकातल्या पुलावर नाक दाबून गाडी दामटणं आपल्याला सोपं आहे, कारण तिथून पुढे ते पाणी दिसत नाही. पवनीच्या ढिवराला ते रोज दिसतं. त्याचं जाळं त्यातच पडतं.

वाघ पाहायचाय?

पवनीच्या बाजूनेही उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं प्रवेशद्वार आहे. 'जय' नावाचा तो राजबिंडा वाघ याच जंगलातला. नागझिऱ्याहून २०१३ मध्ये आला आणि एप्रिल २०१६ नंतर कुणालाच दिसला नाही, गळ्यात रेडिओ कॉलर असूनही. सफारीचं बुकिंग वनविभागाच्या साइटवर आधी करा. पावसाळ्यात जंगल बंद असतं.

आणि गाडीत बसल्यावर गाइडला 'भाऊ, अजून जरा जवळ घ्या ना' म्हणू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला याच अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला जिप्सींनी एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसह दोन्हीकडून घेरलं होतं. व्हिडिओ फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइडांवर कारवाई झाली. मागून मोबाइल उंचावून हट्ट करणारे पर्यटक मात्र घरी गेले आणि रील टाकून मोकळे झाले.

स्वतःची गाडी असेल तर परतताना आलेल्या रस्त्याने येऊ नका. अड्याळवरून भंडाऱ्याकडे निघा आणि अंभोऱ्याला वळा. वैनगंगेवर तिथे केबलचा नवा पूल झालाय, २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला, वर काचेची गॅलरी आहे. गर्दी तिच्यासाठीच असते. खाली चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी मराठीतला आद्य ग्रंथ मानला जाणारा 'विवेकसिंधु' इथे लिहिला असं आपल्याकडे सांगतात. अंबाजोगाईकरांना ते मान्य नाही, त्यांच्याशी वाद घालायचा तर पोटभर वाचून घाला. गॅलरीत सगळे सेल्फी घेत असतील तेव्हा तुम्ही जरा नागपूरच्या दिशेने बघा. तिकडून जी नदी येऊन वैनगंगेत शिरते ती कन्हान. सकाळी आपण उमरेड रोडला लागलो तेव्हा आपल्या हॉस्टेलमधून निघालेलं पाणी अजून तिच्यातच कुठेतरी असेल, पवनीच्या वाटेवर.