एका धमनीवर तगलेलं पोट

मेडशीच्या शिवारात रानडुकराचा विषय निघतो तो नुकसानीचाच. रात्रीची जागल, सकाळी उकरलेलं वावर, मग वनखात्याकडे अर्ज आणि पंचनामा. ज्या पोटापायी हे सगळं चालतं, त्याच्या आत कुणी डोकावत नाही. शेंगा, कंद, गांडुळं, मेलेलं जनावर, काहीही वर्ज्य नाही. आणि गाईसारखे चार कप्पे किंवा रवंथ, यांतलं काही नाही. सगळी भिस्त आतड्यांवर.

रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर एकाच जातीचे. रचना तीच, फरक लांबीत. डार्विनने 1868च्या ग्रंथात शरीररचनाशास्त्रज्ञ क्युव्हिएचे आकडे दिले आहेत: रानडुकराचं आतडं शरीराच्या 9 पट, सामान्य पाळीव डुकराचं 13.5 पट, सयामी जातीचं 16 पट. माणसाने घातलेल्या खाद्याचा हा परिणाम, असं त्याचं म्हणणं.

एवढ्या लांबीला रक्त पोचवायचं काम मुख्यतः एकाच धमनीकडे आहे. पाठीच्या कण्याखालून जाणाऱ्या महाधमनीतून, जठर-यकृताच्या धमनीच्या लगेच मागे, ती फुटते. ठिबकची मेन लाइन, सबमेन आणि बारीक नळ्या डोळ्यांसमोर आणा, हिला फाटे फुटतात ते थेट तसेच. माणसात या फाट्यांच्या कमानी आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यात जुळतात. डुकरात त्या आतड्याच्या भिंतीतच, बाहेरच्या आवरणाखाली जुळतात. डुकरावर हात बसवणाऱ्या शिकाऊ सर्जनने हे आधीच जाणून घेतलेलं बरं.

खरी गंमत मोठ्या आतड्यात. ते शंकूसारखं गुंडाळलेलं असतं: बाहेरचे वेढे टोकाकडे जातात, तिथे उलटे वळतात आणि आतून परततात. जाणाऱ्या वेढ्यांना एक फाटा, परतणाऱ्यांना दुसरा. इथेच जिवाणू चोथा आंबवतात आणि त्यातून निघालेली आम्लं रक्तात शिरतात. शेवटच्या भागाला मात्र मागची, स्वतंत्र धमनी.

जुळण्या कितीही असल्या तरी आतड्यांना धरणाऱ्या पडद्याच्या मुळाशी पीळ पडला तर काही उपयोग नाही. पाळीव डुकरं अशी अचानक दगावतात. शिरांच्या भिंती पातळ, म्हणून त्या आधी दबतात. धमनीतून रक्त येत राहतं, परत जात नाही. पोट फुगतं. शवविच्छेदनात आतडी काळपट लाल निघतात, जठर मात्र शाबूत. त्याचं रक्त पुढच्या धमनीतून येतं ना!